मिन्नाची वाट

१० जानेवारी १९३२, मुस्तलाइद बेट

आज पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि तोही असा गोठलेला की त्याच्यावरून घसरगाडीत बसून आलो. घोडा दुडक्या चालीनं पळतोय, खाली समुद्र आणि माझ्या मांडीवर टपालाची थैली. आमच्याकडे डोंगरात कुणाला सांगितलं तर थापा मारतोय म्हणतील.

मला आणायला म्हातारा आब्राम आला होता. बेटावरचं एकुलतं एक दुकान त्याचं, टपालाचा कारभारही त्याच्याकडे, आणि कुणाचं लग्न कुणाशी व्हावं हेही बहुधा तोच ठरवतो. वाटभर त्यानं माझी फिरकी घेतली. "काय रे डोंगऱ्या, पाय का वर धरलेयस? बुडालो तर निदान मोजे कोरडे राहावेत म्हणून?" मी खरंच पाय वर धरले होते. मग मीही हसलो.

काम मला आवडेल असं आहे. बर्फावरून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत रस्ता आखायचा. जुनिपरची काटेरी झुडपं तोडायची, बर्फात भोक पाडून रोवायची, एकाजवळ उभं राहिलं की पुढचं दिसलं पाहिजे अशा बेतानं. पहारीनं बर्फ तपासत राहायचं, टपाल न्यायचं-आणायचं, आणि वसंतात बर्फ कुजायला लागला की झुडपं उपटून रस्ता बंद करायचा.

राहायची सोय लीसूबाईंकडे आहे. तिशी नुकतीच ओलांडली असेल, बोलतात कमी. मी दारात उभा राहिलो तेव्हा खिडकीत दिवा होता. माझ्यासाठीच लावला होता म्हणे, अंधारात घर चुकू नये म्हणून. मी चर्चच्या दानावर वाढलेलं पोर, एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर कामाला पाठवलेलं. माझ्यासाठी कुणी दिवा लावून ठेवल्याचं मला आठवत नाही.

जेवायला धुरी दिलेली वाम, काळा आंबूस पाव आणि जवाची पेज होती. माझा पातळ कोट बघून लीसूबाईंनी खुंटीवरचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढून दिला. अंगाला अगदी बरोबर बसला. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग भांडी घासायला गेल्या.

१४ जानेवारी

रस्ता निम्मा आखून झाला. घोड्याचं नाव लाउक, कपाळावर पांढरा पट्टा, स्वभावानं माझ्यापेक्षा शहाणा. बर्फ कधी गाईसारखा हंबरतो, कधी ताणलेल्या तारेसारखा वाजतो. आब्राम म्हणाला, वाजतोय तोवर घाबरू नकोस, गप्प झाला की घाबर.

त्यानं मला दक्षिणेकडची एक जागा लांबूनच दाखवली. तिथं खाली प्रवाहाला ओढ आहे, त्यामुळे कितीही थंडी पडली तरी बर्फ पातळच राहतो. तिकडे फिरकायचं नाही. का ते मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. गेल्या मार्चमध्ये माझ्या आधीचा माणूस, प्रीडिक, तिथंच गेला. पलीकडच्या बाजारातून मुलीला नवे बूट घेऊन परत येत होता. धुकं दाटलं, रस्ता सुटला. घोडा, गाडी, बाप, लेक, सगळं गेलं. मेमध्ये प्रीडिक कोळ्यांच्या जाळ्यात सापडला, त्याला चर्चमागं पुरलं. मुलगी सापडली नाही. मिन्ना तिचं नाव. आठ वर्षांची होती.

प्रीडिक म्हणजे लीसूबाईंचा नवरा. मी त्याच्या खाटेवर झोपतो, त्याचा कोट घालतो.

घरी येऊन कोट परत करू लागलो. लीसूबाई म्हणाल्या, "कोटाला काय कळतं? थंडी तुम्हाला वाजतेय." आणि पेज वाढली.

२१ जानेवारी

माझ्या रस्त्याला कुणीतरी फाटा फोडलाय. मध्यावर, जिथं बेटावरच्या चर्चचा मनोरा दिसेनासा होतो, तिथून झुडपांची दुसरी एक ओळ दक्षिणेला निघते. थेट त्या पातळ बर्फाकडे. नीट रोवलेली, माझ्यापेक्षाही सरळ. एखादा अनोळखी माणूस संध्याकाळी तिकडून आला असता तर मेलाच असता. उपटता येतील तेवढी उपटली, बर्फ करकरू लागला तशी शेवटची काही तशीच सोडून परतलो.

आब्रामला सांगितलं. पोरांचा चावटपणा असणार म्हणालो. तो तंबाखू मळत राहिला. म्हणाला, "पोरं एवढं काम करत असती तर मी त्यांना दुकानात ठेवलं असतं."

२३ जानेवारी

ओळ पुन्हा उभी आहे.

आज मी लवकर गेलो, आणि पाहिलं. लीसूबाई होत्या. पाठीवर जुनिपरचं ओझं, हातात पहार. मला बघून पळाल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. मी ओरडलो की तुम्ही माणसं माराल. त्या शांतपणे म्हणाल्या की बेटावरचे सगळे ही वाट ओळखतात, तिच्यावरून कुणी जात नाही.

मग कुणासाठी, असं मी विचारलं.

"याकुप, तुम्हीच बघा ना," त्या म्हणाल्या, "सगळीकडे पांढरंच पांढरं. कुठून कुठं जायचं, कसं कळणार तिला? मोठ्या माणसाला कळत नाही. आठ वर्षांचं पोर ते."

त्यांचे हात सोलवटले होते. उरलेली झुडपं मीच रोवली. फाट्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधली, चुकून कुणी वळू नये म्हणून. घरी येताना त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. मिन्नाला पेजेवरची साय आवडायची नाही, बोटानं काढून मांजराला द्यायची.

२९ जानेवारी

लाउक त्या फाट्यापाशी थांबतो. कितीही चुचकारलं तरी थोडा वेळ थांबूनच पुढं निघतो, आणि निघाला की गाडी ओढताना त्याचे खांदे भरून येतात. जणू काही ओझं चढलंय. आज मी खाली उतरून पाहिलं. टपालाची थैली आणि दोन पिंपं, एवढंच. मात्र थैलीशेजारची फळी ओली होती. बोट लावून चाखलं. किंचित खारट.

परतताना मागं बघितलं तर चाकोरीच्या डाव्या अंगाला लहान बुटांचे ठसे. बेटाच्या दिशेनं येणारे. बेटाजवळ येऊन ते संपत होते, मागं वळलेले नव्हते.

लीसूबाईंना सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

दुपार कलली होती. बर्फ तपासत गाडीशेजारून चालत होतो, उजव्या हातात लगाम, डावा मोकळा. फाटा ओलांडला आणि कोटाच्या डाव्या खिशात काहीतरी शिरलं. मला वाटलं वारा. मग त्यानं खिशाच्या आत मूठ मिटली. लहान हात होता. बर्फाच्या भोकातून नुकताच काढलेला मासा हातात घ्यावा, तसा गार.

मी खाली बघितलं नाही. चालत राहिलो. लाउकच्या नाकातून वाफ निघत होती, माझ्या तोंडातून निघत होती. माझ्या कोपराशी काहीच वाफ नव्हती, पण तिथं कुणीतरी माझ्या पावलाला पाऊल जुळवत होतं, मोठ्या माणसाबरोबर चालताना पोरं मधूनच धावतात तसं.

किनारा आला तेव्हा खिसा रिकामा झाला.

या वेळी लीसूबाईंना सांगितलं. त्या हातातलं विणकाम ठेवून खाली जमिनीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "हातमोजे घालायला मागायचीच नाही ती. बाबाच्या खिशात हात घालायची."

५ फेब्रुवारी

लीसूबाई स्वतः तो कोट घालून अख्खी दुपार फाट्यापाशी उभ्या राहिल्या, हाका मारत. कुणी आलं नाही. घरी आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. काही खाल्लं नाही.

नंतर माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्याबरोबर येते ती. घेऊन या तिला. मी कधी कुणापुढं हात पसरला नाही हो."

मी भित्रा आहे, हे मला माहीत आहे. पण नाही म्हणता आलं नाही.

६ फेब्रुवारी

आणली.

खिशात हात आला तसा मी वाकलो आणि न बघता तिला उचललं. वजन ओल्या पोत्याएवढं. केस गोठून काडीसारखे झाले होते, माझ्या गालाला टोचत होते. पायात नवे बूट. मानेशी तोंड खुपसून ती एकदाच बोलली, "बाबा, किती उशीर केलास."

भीती होतीच. पण आणखीही काही होतं, ते इथं लिहितो. माझी कुणी वाट पाहिली होती.

लीसूबाई दारात होत्या. त्यांनी हात पुढं केले. मिन्नानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या पापण्या लवत नाहीत. मग माझा कोट घट्ट धरला आणि विचारलं, "बाबा, या बाई कोण?"

७ फेब्रुवारी

ती आत येत नाही, पडवीतच राहते, दाराजवळ. चूल पेटली की कण्हायला लागते. म्हणते, भाजतंय. म्हणून आम्ही चूल विझवली.

लीसूबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसून असतात. गोष्टी सांगतात, मांजराचं नाव सांगतात, पाळण्यातलं गाणं म्हणतात. ती ऐकते, पण बघते माझ्याकडे. मांजर घर सोडून गेलंय.

लीसूबाई आज हसल्या मात्र. म्हणाल्या, ओळखेल हळूहळू. घाई कशाला?

१२ फेब्रुवारी

खिडक्यांना आतून बर्फ धरलाय. पाव दगडासारखा झालाय, चाकू लागत नाही. लीसूबाईंना खोकला झालाय, तो थांबत नाही. पडवीतलं पाणी मी रोज पुसतो, ते रोज साचतं.

मी टपाल घेऊन निघालो की मिन्ना रडते. आवाज करत नाही, नुसतं तोंड उघडते. म्हणून जाता-येता तिला गाडीत घेतो. लाउक आता तिला बघून थरथरतो, पण पळत नाही बिचारा.

काल तिनं विचारलं, बाबा, आपण घरी कधी जायचं? म्हटलं, हेच तर घर आहे. तिनं नाही अशी मान हलवली.

१९ फेब्रुवारी

आब्राम आला. विझलेली चूल बघितली, फरशीवरचं पाणी बघितलं, पडवीच्या कोपऱ्याकडे बघून टोपी काढली. थट्टा नाही, काही नाही. मला बाहेर घेऊन गेला.

म्हणाला, या बेटावर एकही घर असं नाही की ज्याचं कुणी समुद्रात नाही. "आमच्या हातात कुऱ्हाडी नव्हत्या का? जुनिपर काय आम्हाला महाग होता? मग आम्ही का नाही लावली झुडपं? विचार कर, डोंगऱ्या."

मग म्हणाला की लावलेली खूण एकट्या मिन्नासाठी राहत नाही. ज्याला दिसते तो तिच्यावरून चालतो. परवापासून त्याच्या कोठाराजवळ कुणीतरी उभं असतं. पाठीवरून तो त्याला ओळखतो. भाऊ आहे त्याचा. दोघं मिळून सीलची शिकार करायला जायचे; तो बुडाला तेव्हा आब्रामला दाढीही आली नव्हती.

तो रडत होता. मला म्हणाला, पुढच्या गाडीनं पलीकडे जा आणि परत येऊ नकोस.

२४ फेब्रुवारी

गेलो नाही. गाडी पलीकडे नेली, टपाल दिलं आणि परत आलो. खिशात हात होता.

फाट्यावर आता पुष्कळ ठसे आहेत. मोठ्या बुटांचे.

२ मार्च

गावात खिडक्यांना आडवे लाकडी दांडे लावलेत. दिवसाही. चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसत नाही. एका म्हातारीनं लीसूबाईंचा हात धरून विचारलं, "माझा आला, बाई. दारात उभा आहे. आत घेऊ की नको घेऊ, सांग ना."

लीसूबाई रात्रंदिवस खोकतात. थुंकीत रक्त.

९ मार्च

वारा फिरला. दक्षिणेचा, ऊबदार. छपरावरून पाणी गळतंय.

मिन्नाला त्रास होतोय. उन्हाची तिरीप आली तरी विव्हळते. हाताची कातडी मऊ झालीय, धरलं की — नको लिहायला.

१३ मार्च

ती ओरडते. आज दिवसभर. भाजतंय बाबा, भाजतंय. मी बर्फ आणून तिच्याभोवती रचला. वितळला.

लीसूबाई कानांवर हात ठेवून बसल्या. मग उठून तिच्याजवळ गेल्या, पहिल्यांदाच तिला धरलं. मिन्ना किंचाळली. आईचा हात ऊबदार आहे म्हणून.

१५ मार्च

लीसूबाईच म्हणाल्या. तिला परत नेऊन सोडा.

हे तोंडातून काढताना त्यांना काय झालं असेल. मला म्हणाल्या, "मी तिला बोलावलं माझ्यासाठी. तिच्यासाठी नाही."

असं ठरलंय: मी तिला झुडपांच्या कडेनं त्या जागेपर्यंत न्यायचं. लीसूबाई फाट्यावर थांबतील. मी परत आलो की दोघांनी मिळून सगळी झुडपं उपटायची. मग कुणालाच वाट दिसणार नाही. आब्रामचा भाऊ जाईल, म्हातारीचाही जाईल.

मिन्नाला सांगितलं. तिनं विचारलं, "तू येशील ना पण? तिथं अंधार आहे." म्हटलं, दारापर्यंत येतो.

लीसूबाईंनी ऐकलं. माझ्याकडे बघत राहिल्या, पहिल्या दिवशी बघितलं होतं त्याहून वेगळं.

१७ मार्च, बर्फावर

पेन्सिलीनं लिहितोय. हाताला काहीतरी चाळा हवा. बर्फ राखाडी झालाय, वर घोट्याएवढं पाणी. लाउकला आणला नाही, हातानं ओढायच्या गाडीवर मिन्ना बसलीय. इथं तिला बरं वाटतंय. ओरडत नाही. पाय हलवतेय.

आजूबाजूनं माणसं चाललीत. आमच्या बरोबरीनं, त्या पातळ बर्फाच्या दिशेला. कुणी बोलत नाही. कुणाच्या तोंडातून वाफ नाही.

—

धुकं आलं. पुढचं झुडूप दिसतं. मागं वळून पाहिलं. मागचं नाही.

धुक्यात आवाज फार जवळ येतो. झुडूप उपसताना होते ती करकर. मग खोकला. मग पुढच्या झुडपाची करकर.

परतल्यावर उपटायचं ठरलं होतं. मी परतल्यावर.

हाक मारली. करकर थांबली. मग त्यांचा आवाज आला, फाटलेला. "एकटीला नाही सोडवत हो, याकुप. एकटीला नाही सोडवत मला."

आणि पुन्हा करकर. आता त्या रडतायत.

राग यायला हवा. येत नाहीये. त्यांच्या जागी मी असतो तर —

—

बर्फ गप्प झालाय.

मिन्ना म्हणते, बाबा, आपण हरवलो का? नाही गं, म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला.

पाणी गुडघ्याशी. वही वर धरलीय. शेवटचं झुडूप हातात आलं, सैल झालंय, धरून काही — माणसं थांबलीत सगळी, आमच्याकडे बघत —

तिनं खिशात हात घातलाय. आता गार लागत नाही. माझाच हात तेवढा —

ती म्हणते, बाबा, आलं. म्हटलं, थांब जरा. घाई करू नकोस. आधी मी उतरतो, मग तू माझ्या —